टाक्याचा दोरा समजून आलेली तांबी: प्रसूतिकक्षातल्या संमतीचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकवण्यासाठी जुळवलेलं आहे. यातली माणसं आणि रुग्णालय ठरावीक कुणी नाहीत. प्रसूतिकक्षात रात्रपाळ्या केलेल्यांना मात्र यातली एकही पायरी अनोळखी वाटू नये.

घटना

ग्रामीण रुग्णालयातला लसीकरणाचा दिवस. बावीस वर्षांची एक पहिलटकरीण बाळाचे दीड महिन्याचे डोस द्यायला सासूबरोबर आली. तोंडावाटे पोलिओ आणि रोटा, मग पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकोकलची इंजेक्शनं, सगळं झालं. बाळ रडून शांत झाल्यावर ती लसीकरणाच्या सिस्टरांच्या अगदी जवळ येऊन म्हणाली, "सिस्टर, खालच्या टाक्याचा दोरा राहिलाय वाटतं. धुताना हाताला लागतो. काढून द्याल का?"

"मावशी, बाळाला घेऊन जरा बाहेर बसा," असं सासूला सांगून सिस्टरांनी तिला पडद्यामागे घेतलं. टाके केव्हाच भरून आले होते. तिथे घालतात तो दोरा एव्हाना विरघळून गेलेला असतो. हाताला लागत होता तो धागा गुळगुळीत होता, दोन पदरी होता आणि गर्भाशयाच्या तोंडातून खाली आला होता. तांबी म्हणजे कॉपर टी, दिवस राहू नयेत म्हणून गर्भाशयात बसवतात ते साधन. प्रसूतीनंतर लगेच तांबी बसवली की तिचे धागे सुरुवातीला आतच राहतात. गर्भाशय आकसत जातं तसे ते उतरतात आणि दीड महिन्याच्या आसपास हाताला लागू शकतात. सिस्टरांना पाहताक्षणी उलगडा झाला.

"तांबी प्रसूतीच्या वेळीच बसवली ना?" त्यांनी सहज विचारलं.

"कसली तांबी?"

सुट्टीच्या कार्डाच्या मागच्या बाजूला 'पीपीआययूसीडी' (म्हणजे प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी) या इंग्रजी अक्षरांपुढे बरोबरची खूण होती. बाकी काही नाही. पुन्हा कधी दाखवायचं, त्रास झाला तर काय करायचं, तांबी किती वर्षं चालते, यातलं एक अक्षर नाही. सिस्टरांनी रेकॉर्डमधून केसपेपर काढून आणला. त्यातल्या वेळा अशा होत्या: रात्री २.३० ला पिशवीचं तोंड पूर्ण उघडलं. २.४० ला संमतीचा रबरी शिक्का, खाली सासूचा अंगठा. ३.०५ ला बाळ, ३.१२ ला वार, ३.१८ ला तांबी. बाईची स्वतःची सही फक्त दाखल होतानाच्या कागदावर, संध्याकाळी सातची. त्या कागदावर तांबीचा उल्लेख नव्हता.

पडद्यामागे

या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण तो पडद्यामागचाच, आणि तो पटकन निसटून जातो. पाठपुराव्याच्या तपासणीत धागे लांब वाटले तर ते कापून आखूड करणं ही अगदी रीतसर गोष्ट आहे. सिस्टरांच्या हातात कात्री होती. धागे थोडे कापायचे, "झालं, आता नाही लागणार" म्हणायचं, की बाई समाधानाने घरी. शब्दशः पाहिलं तर त्यात एकही खोटं वाक्य नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकारी सिस्टरांनी नंतर हेच सुचवलं: "कशाला घोळ घालतेस? धागा काप आणि पाठव. तांबी चांगलीच आहे ना तिच्यासाठी?"

इथे एक खरं बोललं पाहिजे. हा सल्ला देणारी बाई बेफिकीर नव्हती. तिच्या डोळ्यासमोर दोन गोष्टी होत्या: बाईला धक्का बसेल, आणि रात्रपाळीची मैत्रीण अडचणीत येईल. दोन्ही काळज्या रास्तच. पण या दोन्हींपायी ज्या बाईच्या शरीरात वस्तू आहे तिलाच त्या वस्तूचा पत्ता नाही, असं आणखी काही वर्षं चालवायचं, आणि तेही आता जाणूनबुजून. रात्री ३.१८ ला जे झालं ते घाईत झालं. सकाळी अकराला कात्री चालवून गप्प बसणं घाईत होणार नव्हतं.

शिवाय ही निव्वळ तत्त्वाची बाब नाही, तांबी आहे हे माहीत नसलेल्या बाईला प्रत्यक्ष धोका असतो. प्रसूतीनंतर लगेच बसवलेली तांबी आपोआप निसटून पडण्याचं प्रमाण एरवी बसवलेल्या तांबीपेक्षा जास्त असतं, म्हणून तर दीड महिन्यानं दाखवायला बोलवायचं असतं. जिला तांबी आहे हेच ठाऊक नाही, तिला तांबी पडली तरी कळणार कसं? थंडी वाजून ताप, ओटीपोटात दुखणं, घाण वासाचा स्राव, ही लक्षणं ती कशाशी जोडणार? दोन वर्षांनी दुसरं मूल हवंसं वाटलं आणि दिवस राहिनात, तर ती आणि तिचा नवरा कुठल्या कुठल्या दवाखान्यांचे उंबरे झिजवणार? कॉपर टी ३८० ए या प्रकारची तांबी दहा वर्षं काम करते. दहा वर्षं "तुझ्यातच काहीतरी दोष आहे" असं ऐकत काढावी लागणारी बाई ही कल्पना ओढूनताणून आणलेली नाही.

सिस्टरांनी तिला कपडे नीट करायला लावले, टेबलावरून उतरून खुर्चीवर बसवलं आणि मग सांगितलं. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आडव्या पडलेल्या माणसाला सांगणं आणि समोर बसलेल्याला सांगणं यात फरक आहे. त्यांनी सांगितलं ते असं: हा टाक्याचा दोरा नाही. तुझ्या पिशवीत तांबी आहे, प्रसूतीच्या वेळीच बसवलेली. बसवण्याआधी तुला नीट विचारायला हवं होतं. कागद पाहता तसं झालेलं दिसत नाही, ती आमची चूक आहे. ती तुला नको असेल तर आज, आत्ता काढून देता येते, पैसे लागत नाहीत आणि कारणही सांगावं लागत नाही. ठेवायची असेल तर ठेवता येते. घरी विचार करून पुढच्या डोसला सांगितलंस तरी चालेल, मधे वाटलं तर मधे ये.

बाई बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "दुधावर परिणाम होतो का?" नाही. "पुढं मूल होईल ना?" तांबी काढली की लगेच दिवस राहू शकतात. "आणि आईंनी अंगठा कशाला दिला?" याचं उत्तर सिस्टरांकडे नव्हतं, आणि त्यांनी ते बनवलंही नाही.

निघताना ती म्हणाली, "विचारलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं."

बाहेर सासूने विचारलं, काय झालं एवढा वेळ? "टाके भरलेत छान. बाकी तिचं ती सांगेल," असं म्हणून सिस्टरांनी तिथेच थांबवलं. सासूने अंगठा दिलेला असला तरी पडद्यामागचं बोलणं सासूचं नव्हतं. अंगठा आधीच घेतल्यामुळे आता सासूलाही सगळं सांगायला हवं, असा एक उलटा युक्तिवाद वर्गात हमखास येतो. एकदा गोपनीयता मोडली म्हणून दुसऱ्यांदा मोडायची मुभा मिळत नाही.

रात्रपाळीची बाजू

रात्रपाळीच्या सिस्टर प्रसूतीनंतरच्या तांबीचं प्रशिक्षण घेतलेल्या, हाताने चांगल्या. त्या रात्री त्यांच्याकडे आणखी दोन बायका कळा देत होत्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. पहिली गोष्ट, दोन कळांच्या मधे त्यांनी बाईला विचारलं होतं, "तांबी बसवू ना?" आणि ती "हो हो" म्हणाली होती. दुसरी, बाईचं हिमोग्लोबिन ८.२ होतं, म्हणजे अंगात रक्त कमी. वर्षाच्या आत पुन्हा दिवस राहिले असते तर तिचं काय झालं असतं? तिसरी, वार पडल्यावर दहा मिनिटांच्या आत तांबी बसवणं सगळ्यात सोयीचं, बाई टेबलावरच असते, तोंड उघडं असतं, वेगळं काही करावं लागत नाही. चौथी त्यांनी जरा खालच्या आवाजात सांगितली: मासिक बैठकीत आपल्या रुग्णालयाचा तांब्या बसवल्याचा आकडा वाचून दाखवला होता, आणि तो कमी होता.

पहिल्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. पूर्ण तोंड उघडलेली बाई कळेच्या मधल्या मिनिटात कशालाही हो म्हणते. म्हणूनच या तांबीबद्दल पहिल्यांदा बोलणं ऐन कळांच्या वेळी करू नये, असं आपल्याकडच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे. ते बोलणं गरोदरपणातल्या तपासण्यांत व्हावं, फार तर कळा नुकत्या सुरू असताना, नाहीतर प्रसूतीनंतर बाई सावरल्यावर.

आणि ते "सावरल्यावर" हाच या प्रकरणाचा गाभा आहे. प्रसूतीनंतर तांबी ४८ तासांपर्यंत बसवता येते. दहा मिनिटांची मुदत सोयीची आहे, तशी तांबी निसटण्याचं प्रमाणही कमी राहतं, हे खरं. पण ती शेवटची मुदत नाही. पहाटे तीनला न विचारता आलेला प्रश्न सकाळी नऊला, बाळ पाजून झाल्यावर, चहा पिता पिता विचारता आला असता, आणि बाईने हो म्हटलं असतं तर त्याच दिवशी तांबी बसली असती. तेही हुकलं तर दीड महिन्यानंतर बसवता येतेच. बाई त्या दिवशी लसीकरणाला आली होतीच की! संमती घ्यायला वेळ नव्हता असं जेव्हा म्हटलं जातं, तेव्हा कुणाला वेळ नव्हता ते आधी तपासावं. रक्तस्राव थांबत नसताना, बाई बेशुद्ध असताना, जीव वाचवायला जे करावं लागतं ते संमतीची वाट न पाहता करतात. तांबीने त्या रात्री कुणाचा जीव वाचणार नव्हता.

हिमोग्लोबिनचा मुद्दा मला जास्त गंभीर वाटतो, कारण त्यात खरी कळकळ आहे. दोन बाळंतपणांत पुरेसं अंतर हवंच. एका जिवंत बाळाच्या जन्मानंतर पुढच्या गर्भधारणेसाठी निदान चोवीस महिने थांबावं, अशी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांची शिफारस आहे. अशक्त बाईला तर ते अंतर आणखी गरजेचं. पण तांब्याच्या तांबीने पहिले काही महिने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं. म्हणजे ८.२ हिमोग्लोबिन हे तांबीच्या बाजूचंही कारण आहे आणि सावधगिरीचंही. तांबी अशा बाईला चालत नाही असं नाही, चालते. मात्र पाळी जास्त जाईल हे तिला आधी सांगायला हवं, लोहाची लाल गोळी प्रसूतीनंतर १८० दिवस रोज घ्यायची हे बजावायला हवं, आणि तिला दुसरं साधन हवं असेल तर तेही पुढ्यात ठेवायला हवं. या बाईच्या सुट्टीच्या पिशवीत गोळ्या होत्या, पण त्या किती दिवस घ्यायच्या हे कुणी सांगितलं नव्हतं. तिने महिनाभर घेऊन बंद केल्या होत्या. जिच्या रक्ताच्या काळजीपोटी तांबी बसवली, तिच्या रक्ताकडे त्यानंतर कुणी पाहिलंच नाही.

राहिला आकडा. सरकारी धोरण पाहिलं तर कुटुंबनियोजनाचं लक्ष्य देण्याची पद्धत १ एप्रिल १९९६ पासून देशभर बंद झाली. १९९७ च्या ऑक्टोबरात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रम आला तोच मुळी बाईला काय हवं तिथून सुरुवात करायची असं म्हणत. २००० च्या लोकसंख्या धोरणातही स्वेच्छा आणि माहितीपूर्ण निवड हेच शब्द आहेत. बैठकीत मात्र "अपेक्षित काम" या नावाने तो आकडा वाचला जातो. आशाताईला प्रसूतीनंतरच्या तांबीसाठी बाईला सोबत आणण्याचे दीडशे रुपये मिळतात. त्या पैशात वाईट काही नाही, तिच्या श्रमाला मोल हवंच. पण सप्टेंबर २०१६ मध्ये नसबंदी शिबिरांवरचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने असे अनौपचारिक आकडे आणि मोबदले सगळ्यात दुबळ्या गटांच्या प्रजननस्वातंत्र्यावर काय परिणाम करतात याचा फेरविचार करायला सांगितलं होतं. त्याच निकालात, सगळं समजावून सांगितल्यावर माणसाला मन बदलायला साधारण तासभर सवड द्या, असंही म्हटलं आहे. ते नसबंदीसाठी आहे, तांबी काढता येते, हा फरक मान्य. तरी २.४० चा शिक्का आणि ३.१८ ची तांबी या दोन वेळांकडे तो निकाल मनात ठेवून पाहावं.

सासूच्या अंगठ्याबद्दल कायदा संदिग्ध नाही. जानेवारी २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयासमोर असंच काहीसं होतं: तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ बाईचं गर्भाशय आणि बीजकोश तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. रुग्ण स्वतः सज्ञान असताना आईची संमती धरता येत नाही, आणि एका प्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या प्रक्रियेला लागू होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. जीव वाचवण्याची निकड नसेल तर त्यात रुग्णाचा फायदा होता, वेळ आणि खर्च वाचला, ही सबब चालत नाही, हेही त्यात आहे. आईच्या जागी सासू, बाकी युक्तिवाद तोच. आपल्याकडे नवऱ्याची किंवा सासूची सही घेण्याची सवय इतकी अंगवळणी पडली आहे की ती नसली तरच कागद अपुरा वाटतो. बाईची स्वतःची सही नाही याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

कागद

लसीकरणाच्या सिस्टर त्याच संध्याकाळी रात्रपाळीच्या सिस्टरांशी बोलल्या. आधी सहकाऱ्याशी बोलायचं की थेट लेखी द्यायचं, यावर मतं वेगळी असू शकतात. मला आधी बोलणं योग्य वाटतं, अट एकच, ते बोलणं दोघींनी मिळून एक गोष्ट रचण्यासाठी नसावं. इथे ती वेळ आलीच. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "अगं, शिक्क्याखाली जागा आहे. 'समुपदेशन केले, रुग्णाने होकार दिला' एवढी ओळ लिहिते. मी विचारलं तर होतंच."

लसीकरणाच्या सिस्टरांनी नको म्हटलं. राहून गेलेली नोंद नंतर करता येते, पण आजची तारीख, आजची वेळ आणि "उशिरा केलेली नोंद" असं स्पष्ट लिहून. मागच्या तारखेची ओळ ही नोंद नव्हे, तो बनावट पुरावा. त्यातून वाचायला गेलेली सिस्टर जास्त खोल अडकते: संमती नीट न घेणं ही सुधारता येणारी चूक आहे, रेकॉर्ड बदलणं सिस्टरच्या व्यावसायिक नोंदणीवर येऊ शकतं. मैत्रिणीला हे सांगणं हीच त्या संध्याकाळी तिला केलेली मदत होती. तिला ते तसं वाटलं नाही. आठवडाभर त्या दोघी बोलत नव्हत्या.

इन्चार्ज सिस्टरांकडे लेखी अहवाल गेला. त्यात वेळा होत्या, बाई काय म्हणाली ते तिच्या शब्दांत होतं, रात्रपाळीला एकच प्रशिक्षित सिस्टर आणि तीन बाळंतिणी होत्या हेही होतं. शेवटचा तपशील काहींना सबब वाटेल. मला तो अहवालाचा सगळ्यात कामाचा भाग वाटतो, कारण पुढच्या महिन्यातही रात्रपाळीला एकच सिस्टर असणार आहे.

दहाव्या आठवड्याच्या डोसला बाई आली आणि तांबी ठेवते म्हणाली. धागे तेव्हा तिला सांगून कापले, नवीन कार्ड मराठीत भरून दिलं. बातमी पसरताच रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, "बघितलंत? ठेवलीच ना शेवटी!" हा युक्तिवाद वरवर बिनतोड दिसतो. पण बाईने दहाव्या आठवड्याला दिलेला होकार दहाव्या आठवड्यापासूनचा आहे, तो मागे जाऊन ३.१८ ला लागू होत नाही. ती विचारल्यावर हो म्हणाली असती, म्हणजे विचारण्यात रुग्णालयाचं काहीच जाणार नव्हतं. आणि तिने काढून मागितली असती तर? "थोडे दिवस ठेवून बघ", "डॉक्टर आले की बघू", "नवऱ्याला घेऊन ये" ही उत्तरं ऐकून परत गेलेल्या बायका प्रत्येक सिस्टरला आठवतील. काढायला नकार देणं म्हणजे न विचारता बसवण्याचाच पुढचा भाग.

पुढे काय केलं

संमतीचा शिक्का प्रसूतिकक्षातून उचलला. आता दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची मोठी तपासणी असते, तेव्हा सासू-नवऱ्याला बाहेर बसवून बोलायचं, तांबीबरोबर बाकी साधनंही दाखवायची, आणि बाईचं उत्तर माता-बाल संरक्षण कार्डावर लिहायचं. "नको" आणि "अजून ठरलं नाही" यांनाही त्यात जागा आहे. कार्ड कोरं असेल आणि बाई कळा देत आली असेल, तर त्या रात्री तांबी नाही. सकाळच्या राउंडला विचारायचं. पहिल्या महिन्यात आकडा खाली आला आणि बैठकीत त्याबद्दल विचारणाही झाली. अधीक्षकांनी उत्तर लेखी दिलं, हे बरं झालं.

अवघड राहिल्या त्या जुन्या नोंदी. तांबीचं रजिस्टर चाळलं तर मध्यरात्रीनंतरच्या अनेक नोंदींपुढे शिक्का होता आणि खाली नवऱ्याची सही किंवा सासूचा अंगठा. सगळ्यांना फोन करून विचारावं असं आधी ठरलं. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की रजिस्टरमधला फोन नंबर बहुतेक ठिकाणी नवऱ्याचा आहे. "तुमच्या बायकोची तांबी कशी आहे?" या एका वाक्यात, जिने घरी न सांगता स्वतःहून बसवून घेतली तिचं गुपित फुटणार, आणि जिला माहीतच नाही तिला ते नवऱ्याच्या तोंडून कळणार. फोन रद्द झाला.

त्याऐवजी बाळांच्या डोसच्या यादीशी तांबीचं रजिस्टर जुळवलं. सहा, दहा आणि चौदा आठवडे, बाळ घेऊन आई येतेच. त्या दिवशी बाळ सोबत आलेल्या माणसाकडे द्यायचं, आईला एकटीला पडद्यामागे घ्यायचं आणि पहिला प्रश्न ठरलेला: "प्रसूतीच्या वेळी तुला तांबीबद्दल कुणी काही सांगितलं होतं का?" ज्या आल्या नाहीत त्यांच्यासाठी उपकेंद्राच्या एएनएमकडे, म्हणजे तिथल्या परिचारिकेकडे, यादी दिली आहे. त्या यादीवर बाळाचं नाव आणि राहिलेला डोस एवढंच लिहिलंय. तांबीचं एएनएमला तोंडी सांगितलंय.